हीटरचा दिवा निजेपर्यंत

अन्याय झाला तो वसंतावर. दिवाळीच्या पहाटे, तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत फटाक्यांची पहिली माळ अजून वाजायची होती तेव्हा. खांबाखांबावरून केबल टीव्हीची काळी वायर घरोघर शिरली, त्या वर्षीची दिवाळी. वसंता म्हणजे भीमरावांची सून. तिनं न्हाणीघरातल्या भिंतीवरच्या हीटरचं बटण दाबलं. त्या घरची रीत अशी, की दिवाळीला वडीलधाऱ्यानं आधी सगळ्यांच्या टाळूवर तेल ठेवायचं, मग स्वतः तेल जिरवत बसायचं, आणि पहिली आंघोळही त्याचीच. भीमराव निवांत तेल जिरवून आत गेले, त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला, आणि नळानं उकळती वाफ थुंकली. उजवा हात भाजला, खांदा भाजला. बाहेर येऊन ते पहिलं वाक्य बोलले ते हे: "हिनं बटण बंद केलं नाही!"

दुपारपर्यंत निकाल लागलासुद्धा. वसंताला माहेरी, ओरत्तनाडूला, पोचवण्यात आलं. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव 'वेन्नीर वसंता' ठेवलं. वेन्नीर म्हणजे कढत पाणी. चौकशी नाही, पुरावा नाही, जिच्यावर आळ तिचं म्हणणं नाही. थेट शिक्षा!

आणि तरी मी लिहायला बसले आहे ती वसंतावर नाही. त्या दिवशी नवे कपडे घालून, तोंडात लाडू धरून सगळी गल्ली हळहळत होती, तेव्हा एकाच बाईनं एकच प्रश्न विचारला: "हीटर उघडून पाह्यला कां कोणी?" त्या बाईवर लिहायचं आहे.

अंबुजाबाई. गल्लीत अंबुक्का. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, गोऱ्या, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या घातलेल्या. केसांत मोगरा आणि चष्म्याच्या डबीत टेस्टर. चष्मा कायम नाकावर असल्यामुळे डबी रिकामीच असते, मग जागा वाया का घालवायची, असा त्यांचा हिशेब. विनय नावाची चीज त्यांच्या जवळपासही फिरकली नव्हती. "ह्या गावांत वीज मला भिते," असं त्या कोणालाही, अगदी वीज मंडळाच्या माणसालाही सांगत.

माझ्या वडिलांची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही सोलापूरहून तिकडे गेलो होतो. शेजार मराठी आहे कळल्यावर आईला केवढा आनंद! मग अंबुक्का आल्या आणि म्हणाल्या, "काय वो बाई, सामान सगळें पोचलें कां? स्वैपाकघर कोठें मांडलांत?" आई माझ्याकडे बघू लागली. मराठी होतं, पण कोणीतरी फार जुन्या पेटीतून काढून, तमिळ सुरात भिजवून वाळत घातल्यासारखं. आम्ही 'आहे' म्हणायचो, त्या 'अहे'. आम्ही 'ठीक आहे' म्हणायचो, त्या 'सेरी'. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "अगे सोलापूर!" अशी हाक गल्लीच्या टोकावरून यायची, आणि मी चहा अर्धा टाकून धावायचे.

धावायचं कारण असं, की मी कॉलेजातल्या ग्राहक मंडळात पत्रकं लिहायचे आणि ती आधी त्यांना दाखवायचे. रॉकेलच्या मापात खोट, पत्रक. तांदळात खडे, पत्रक. माझ्या मते मी क्रांती करत होते. अंबुक्कांच्या मते मी शाई वाया घालवत होते. "तांदूळ चाळून पाह्यलास कां? किती खडे, कोणत्या दुकानचे? नाही? मग तें पत्रक नव्हे, रडणें."

उघडून पाह्यलंस कां! हे त्यांचं पालुपद. रेडिओ बिघडला, उघडून पाह्यलंस कां. नवऱ्या मुलाची माणसं चांगली दिसतात, उघडून पाह्यलंस कां. शाळेत असताना त्यांचा नियम होता, की तीन पिनांचा प्लग स्वतः जोडून दाखवल्याशिवाय कोणत्याही मुलीनं प्रॅक्टिकलच्या वहीवर सही मागायला यायचं नाही. पालक भांडायला आले, "टीचर, आमच्या मुलींना वायरमन करणार काय?" त्या म्हणाल्या, "नाही. वायरमनला प्रश्न विचारणारी करणार." गावात आजही अशा कितीतरी प्रौढ बाया आहेत, की ज्यांना हिरवी वायर कुठे जाते ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

पण त्यांना देवी करून बसवू नका, मला तसली चित्रं आवडत नाहीत. अंबुक्कांनी काहीही उघडलं, की परत लावताना एक स्क्रू उरायचाच! तो त्या पितळी वाटीत टाकायच्या. वाटी भरत आली होती. कोणी काळजीनं विचारलं तर म्हणायच्या, "कंपनीनें जास्तीचा दिलेला अहे." एकदा स्वतःचा मिक्सर दुरुस्त करताना त्यांनी सगळ्या गल्लीचा फ्यूज उडवला, तोही टीव्हीवर क्रिकेटची मॅच ऐन रंगात असताना. पंचवीस घरांतून एकदम आरोळी उठली. अंबुक्का ओट्यावर येऊन हात वर करून म्हणाल्या, "मीच! मीच केलें! शिव्या सावकाश द्या, आधीं मेणबत्ती द्या!"

आता त्या हीटरकडे येते.

बाजार खुला झाला होता. खुला म्हणजे काय, तर मोठ्या रस्त्यावर काचेची दुकानं आली, हप्त्यानं वस्तू मिळू लागल्या, आणि टाय लावलेला एक पोरगा गल्लीत फिरून दारोदार सांगू लागला की आता लाकडं फोडायची नाहीत, धूर खायचा नाही, बटण दाबा की भिंतीतून गरम पाणी. "आणि बंद करायला विसरलात तरी चिंता नको मामी, हा आपला आपण बंद होतो!" हे वाक्य लक्षात ठेवा. हे वाक्य विकून त्यांनी हीटर विकले. आपल्याकडे ज्याला गीझर म्हणतात तो हा.

अंबुक्का मला घेऊन त्या दुकानात गेल्या. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी. प्रदर्शनाला ठेवलेल्या हीटरपाशी त्या खाली बसल्या, चष्म्याची डबी उघडली, आणि कोणाला काही कळायच्या आत बुडाचं झाकण काढायला लागल्या. विक्रेता धावत आला. "अय्यो मामी! वॉरंटी जाईल!"

"जाऊं दे. बोट राहील."

मग झाकणाच्या आत बोट दाखवून त्यांनी मला शिकवलं. ही नळी, हिच्यात तापणारी तार. आणि तिच्या शेजारी ही बारीक कांडी, वरती छोटी चकती, हा थर्मोस्टॅट. पाणी ठरलेल्या इतकं तापलं की तो वीज तोडतो, निवलं की जोडतो. "ही कांडी म्हणजे घरांतलें शहाणें माणूस. बाकी सगळे नुसते तापणारे." विक्रेत्याला त्यांनी विचारलं, "ही कांडी बिघडली तर दुसरी मिळते कां तुमच्याकडे?" तो हसला. "बिघडणारच नाही, मामी." अंबुक्का उठल्या. मला म्हणाल्या, "चल. हें दुकान अर्धें अहे. विकणारें अर्धें आलें, दुरुस्त करणारें अजून वाटेंत अहे."

खुल्या बाजाराबद्दल त्यानंतर मी जाडजाड लेख वाचले. एवढं नेमकं एकातही सापडलं नाही.

भीमरावांनी हीटर घेतला. तालुका कचेरीतून निवृत्त झालेला ताठ माणूस, पत्नी वारलेली, मुलगा मुरली नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर, घर वसंताच्या जिवावर. पावसाळ्यात हीटर बिघडला. पाणीच तापेना. दुकानाचा मेकॅनिक आला, आत काहीतरी केलं, "झालं, सार" म्हणून गेला. पाणी तापू लागलं. सगळे खूश. रोजच्या घाईत पाणी जेमतेम गरम झालं की कोणीतरी नळ सोडायचंच, म्हणून काही वाईट घडलं नाही. मग आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. तिकडे त्या दिवशी सायकलीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला गंधकुंकू लावतात. हीटरलाही लागलं. आणि मग आली दिवाळी.

वसंताला पाठवल्याचं कळलं तेव्हा मी तरंगत अंबुक्कांकडे गेले. रागानं माणूस तरंगतं, हे मी त्या दिवशी अनुभवलं. पत्रकाचा मथळा तयार होता: 'सुनेचा बळी!' मी म्हटलं, "अक्का, माझा वसंतावर पूर्ण विश्वास आहे. तिनं बटण बंद केलंच असणार!"

"केलें नसेल," अंबुक्का म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्हीसुद्धा?"

"अगे सोलापूर, पहाटे उठून तिनें फराळ काढला, रांगोळी घातली, सगळ्यांचें तेल गरम केलें. विसरली असेल कीं! विसरणारच! माणूस विसरतें म्हणून तर ती कांडी बसवलेली असते. न विसरणाऱ्या माणसाला थर्मोस्टॅट कशाला पाहिजे?"

माझं सगळं भांडण 'तिनं केलं की नाही केलं' यावर चाललं होतं. या बाईनं भांडणाची जागाच बदलून टाकली!

"मी विश्वास ठेवीत नाही," त्या चप्पल घालत म्हणाल्या. "मी उघडून पाहतें."

भीमराव खांद्याला मलम लावून बसले होते. समोर खाणावळीचा डबा. "टीचर, झालं गेलं. आता कशाला?"

"तुमचा हात कसा अहे तें पाहायला आलें. आणि ज्यानें भाजला त्यालाही भेटतें."

त्यांना कोण अडवणार! न्हाणीघरात जाऊन त्यांनी बटण दाबलं आणि हीटरकडे टक लावून पाहिलं. "दिवा कोठें अहे?"

"ह्याला दिवा नाही."

"भीमराव, ह्याला दिवा असतो. तांबडा. पाणी तापत असलें कीं जळतो, तापलें कीं निजतो." दिवा विझला असं त्या कधी म्हणत नसत. विजेचा झाला तरी दिवा तो, निजला म्हणावं.

आणि मग आम्हाला तो दिसला. हीटरच्या पोटावर बरोबर मधोमध ठसठशीत गंध आणि त्यावर रुपयाएवढं कुंकू. ती छोटी काचेची टिकली कपाळासारखी दिसली असणार, म्हणून नेमकी तीच जागा निवडलेली! दिवा खाली जळत होता आणि वर कुंकू वाळून खपली झालं होतं. आयुधपूजेपासून त्या घरात कोणालाच तो दिवा दिसलेला नव्हता.

"हें कोणीं लावलें?"

घरातली पूजा घरचा कर्ता पुरुषच करतो, हे मलाही ठाऊक होतं.

"मग तें पुसलें कां नाही?"

"टीचर, कुंकू कसं पुसायचं? घरात सून सवाष्ण..." आणि ते थांबले. त्या सवाष्णीला त्यांनी स्वतःच घराबाहेर काढलं होतं.

मी तोंड उघडणार होते. अंबुक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. देवघरातून कुंकवाची कोयरी मागवली. हीटरच्या कडेला एक नवं, सुरेख बोट ओढलं, हात जोडले, आणि मगच ओल्या फडक्यानं जुनं कुंकू टिपून घेतलं. खालून तांबडा दिवा लखकन डोळा उघडून बघू लागला.

"आतां थांबायचें."

थांबलो. टाकीत पाणी कुजबुजायला लागलं, मग गुरगुरायला लागलं. दिवा जळतोय. नळाच्या तोंडातून वाफेची रेघ निघाली. दिवा जळतोय! भीमराव भिंतीला पाठ लावून मागे सरकले. अंबुक्कांनी बटण बंद केलं, बाहेर जाऊन मेन पाडला, हीटरच्या फ्यूजचा चिनी मातीचा तुकडा उपसून स्वतःच्या कमरेला खोचला. ही त्यांची खास पद्धत. त्यांचं म्हणणं, मी आत काम करत असताना बाहेर कोणी शहाणा मेन लावील, म्हणून फ्यूज माझ्या कमरेला.

झाकण निघालं. आत ना कांडी ना चकती. थर्मोस्टॅटच्या जागी रिकामं भोक, आणि दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. बस्स! 'झालं, सार' म्हणून जे झालं होतं ते हे.

"हें पाहा," अंबुक्का शांतपणे म्हणाल्या. "घरांतल्या शहाण्या माणसाला कोणीतरी आधींच हाकलून दिलेलें. मग तुम्ही दुसरेंही हाकललें."

भीमराव न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसले.

दुकानात आम्ही गेलो ते तोंडानं तोफा डागतच. मी तर नक्कीच. मालक जराही हलला नाही. म्हणाला, "सगळीकडे असंच करतात मा. थर्मोस्टॅट कंपनीकडून येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, पाणी तापव. तापवून दिलं. डायरेक्ट करून दिलं." डायरेक्ट! त्या धंद्यात या गुन्ह्याला किती सोज्वळ नाव आहे बघा. मी विचारलं, गिऱ्हाइकाला हे सांगितलंत का? तो म्हणाला, सांगितलं असतं तर ते घाबरलं असतं.

मेकॅनिक कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. अंबुक्का त्याला म्हणाल्या, "तुझ्या आईच्या न्हाणीत असलें जोडशील कां रे?" तो म्हणाला, "आमच्याकडे चूल आहे, टीचर."

थर्मोस्टॅट आम्ही तिरुच्चीच्या बाजारातून आणला. अंबुक्कांनी बसमध्ये खिडकीची जागा भांडून घेतली, जुन्या कांडीची लांबी शेजारच्या घरातल्या त्याच जातीच्या हीटरवरून दोऱ्यावर मोजून आणली होती. तो दोरा त्या दुकानादुकानात नाचवत होत्या. अखेर एका बोळात ती कांडी मिळाली. त्यांनी ती नाकाशी धरली, कानाशी हलवली, चकती स्क्रूड्रायव्हरनं फिरवून टक्क असा आवाज ऐकला, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "ऐकलेंस? शहाणें माणूस बोललें!"

आता तुम्हाला वाटेल, आल्या आणि बसवला. छे! इथेच तर अंबुक्का अंबुक्का आहेत. भीमराव मोठ्या आशेनं दारात उभे. अंबुक्कांनी कांडी पदराला बांधली आणि म्हणाल्या, "मी बसवणार नाही."

"मग कोण?"

"ज्या हातावर आळ आला तो हात बसवील. ओरत्तनाडूहून येऊं दे."

"टीचर, ती काय मेकॅनिक आहे?"

"तुमचा मेकॅनिक होता. काय झालें?"

फ्यूज त्यांच्या कमरेला, थर्मोस्टॅट पदराला, स्टोव्ह पेटवणं बापलेकांना कधी जमलेलं नाही, आणि गल्लीत लाकडं केव्हाच मिळेनाशी झालेली. हवेत ऐप्पशी महिन्याचा, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातला गारवा, बाहेर रिपरिप. भीमराव एक दिवस गार पाण्यानं न्हायले. दुसऱ्या दिवशीही. मुरलीनं शेजाऱ्यांकडे बादली मागितली, तर शेजारीण म्हणाली, "टीचरनं सांगितलंय, द्यायची नाही." पुऱ्या गल्लीनं त्या बाईच्या धाकानं संप केला! पत्रकाशिवाय, घोषणेशिवाय! मी नुसती बघत होते.

मग एका सकाळी भीमराव स्वतः, बँडेज बांधलेल्या हातानं, ओरत्तनाडूच्या बसमध्ये चढले. मुरलीला पाठवलं नाही, हे मी त्यांच्या खाती मांडते.

संध्याकाळी वसंता आली. कडेवर पिशवी, डोळे सुजलेले, पण मान सरळ. घरात शिरली नाही. ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "मामंजी, बसमध्यें जें मला म्हणालांत तें इथें म्हणा."

ताठ माणूस तो. मला वाटलं, संपलं, परत जाते ही. भीमरावांनी घसा खाकरला. "हिचं काही चुकलं नव्हतं," ते म्हणाले. मग मोठ्यानं, मागच्या घरांना ऐकू जावं असं, "कुंकू मी लावलं होतं. बघितलं मी नाही. आणि बोललो हिला."

"सेरी," अंबुक्का म्हणाल्या आणि वसंताच्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला.

न्हाणीघरात मावतील तितके आत, उरलेले खिडकीशी. अंबुक्का स्टुलावर नाही, खाली. स्टुलावर वसंता. "मेन?" "पाडलें." "फ्यूज?" "तुमच्या कमरेला." "मग हात घाल." काळी चिकटपट्टी सुटली. पिळलेल्या वायरी वेगळ्या झाल्या. कांडी त्या रिकाम्या भोकात सरकन गेली, जणू तिचीच वाट बघत होती. एक वायर इथे, एक तिथे, चकती साठ अंशांवर, झाकण, स्क्रू. एक स्क्रू उरला! वसंता घाबरली. अंबुक्कांनी तो उचलून वाटीसाठी ठेवला, आणि मग, काय वाटलं कोण जाणे, परत दिला. "नको. ह्या हीटरला सगळे लाव." त्यांनी उघडूनही एकसुद्धा स्क्रू न उरलेली गावातली ती एकमेव वस्तू असेल.

फ्यूज बसला. बटण दाबलं. दिवा लागला. आता सगळे त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत होते. टीव्हीकडे नाही, मॅचकडे नाही! पाणी कुजबुजलं. कोणीतरी शिंकलं, त्याला दहा जणांनी गप्प केलं. पाणी गुरगुरणार, असं वाटलं आणि... टक्क.

दिवा निजला.

काय तो ओरडा उठला! कोणा पोरानं दिवाळीतून राखून ठेवलेली माळ गल्लीत पेटवली. ज्या पोरांनी 'वेन्नीर वसंता' नाव ठेवलं होतं तीच नाचत होती. वसंता स्टुलावरच बसून रडत होती आणि हसत होती. अंबुक्का वर बघून म्हणाल्या, "उतर आतां. पहिली आंघोळ तुझी." त्या घरात सुनेनं पहिली आंघोळ केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. भीमरावांनी टॉवेल आणून दिला.

माझं पत्रक मात्र अंबुक्कांनी फाडलं. मी मथळा बदलून केला होता: 'अंधश्रद्धेनं भाजला सासरा, बळी गेली सून'. त्या भडकल्या. "कुंकवानें कोणाला भाजलें नाही. कुंकवानें दिवा झाकला, वायर नाही पिळली. वायर पिळणाऱ्याचें नांव लिहायला भितेस, म्हणून देवाचें लिहितेस?" इतका खरा ठोसा मला आजवर दुसरा बसलेला नाही. नवं पत्रक तमिळमध्ये निघालं. मथळा त्यांचाच: 'तुमच्या हीटरमधलं शहाणं माणूस जागेवर आहे का?' खाली दुकानाचं नाव, रस्ता, सगळं. मी हौसेनं मराठीतही एक प्रत काढली. गल्ली मराठी बोलायची, पण शाळा सगळ्यांची तमिळ; आमचं घर सोडलं तर ती वाचता येणाऱ्या अंबुक्काच एकट्या, म्हणून त्यांनी ती ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवली, जिथे माझी भाषा आवडली नाही तिथे बदलून.

मग घराघरातून बोलावणी सुरू झाली. वसंता स्टुलावर, अंबुक्का खाली. डायरेक्ट निघालेले हीटर एक-दोन नव्हते. मालकानं माफी मागितली नाही, पण दुकानात थर्मोस्टॅट ठेवू लागला. काचेच्या कपाटात, अगदी दर्शनी.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांची बदली झाली. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी करून मी निरोप घ्यायला गेले, तर अंबुक्का घरी नव्हत्या. गल्लीच्या टोकाच्या घरात, न्हाणीत. त्या दिवशी वसंता कुठेतरी गेलेली, म्हणून स्वतःच स्टुलावर चढलेल्या. मला दिसली ती त्यांची पाठ, मोगऱ्याचा कोमेजलेला गजरा आणि कमरेला खोचलेली मोकळी चष्म्याची डबी.

"अक्का, मी निघाले."

"थांब."

"अक्का, गाडी..."

"अगे सोलापूर, दिवा निजूं दे कीं!"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. एक हात भिंतीला, नजर त्या तांबड्या ठिपक्यावर. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता, वडील हाका मारत होते. मी थोडा वेळ उभी राहिले, मग त्यांच्या पायांना हात लावला आणि पळत सुटले. कोपऱ्यावर वळताना मागून आवाज आला, "निजला!" ते मला सांगितलं होतं की त्या घरातल्या बाईला, ते आजही माहीत नाही.

आता तुम्ही. होय, हा लेख हातात धरून बसलेले तुम्ही. अंबुक्कांचं कौतुक वाटून घेऊन पान उलटू नका, त्याचा मला काही उपयोग नाही. उठा. तुमच्या न्हाणीघरात जा, गीझरचं बटण दाबा, आणि दिवा निजेपर्यंत तिथंच उभे राहा. दिसत नसेल तर त्यावर काय चिकटलंय ते पुसा. निजला नाही तर मेन पाडा, ज्यानं दुरुस्त केला त्याला बोलवा आणि तुमच्या डोळ्यांदेखत झाकण काढायला लावा. आणि ते होईपर्यंत, तुमच्या घरातल्या कोणत्याही बाईला 'तू विसरलीस' असं म्हणू नका.